शंभरातले अकरा परत

घट बसायच्या आधीचे आठ दिवस बेळगावातल्या कुठल्याही सुज्ञ पुरुषाने घरात थांबू नये. जे हलत नाही ते पुसलं जातं, जे हलतं ते धुतलं जातं, आणि जो हलत नाही पण बोलतो त्याला माळ्यावर चढवून पितळेचे डबे खाली काढायला सांगितलं जातं. वाकळा, चादरी, पडदे, अभ्रे, पायपुसणी. पायपुसणंसुद्धा धुतात, मग पाय कशाला पुसायचे हा प्रश्न विचारायची ही वेळ नसते.

मी अशा वेळी शॅकमध्ये जाऊन बसतो. हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम लोक, आपल्या रेडिओच्या खोलीला 'शॅक' म्हणतात. आमची शॅक गच्चीच्या जिन्याखाली आहे. तिथे एक रेडिओ, एक खुर्ची, गणपतीचं मखर आणि आईची लग्नातली ट्रंक एवढी मंडळी राहतात. ट्रंक उघडायची असेल तर मला उठावं लागतं. ती दिवसातून चार वेळा उघडायची असते.

हॅम लोकांत बायकोला 'एक्सवायएल' म्हणतात. त्याचा अर्थ 'माजी तरुणी'. हा अर्थ मी घरी एकदाच सांगितला.

तर त्या सोमवारी सकाळी मी चाळीस मीटरवर बसलो. चाळीस मीटर म्हणजे सात मेगाहर्ट्झचा बँड. सकाळी त्यावर सांगली, पुणे, हुबळीपासून हैदराबादपर्यंतचे आवाज शेजारच्या परड्यातून आल्यासारखे येतात. आमच्या सगळ्यांच्या परवान्याच्या नावाची सुरुवात 'व्हीयू' ने होते. व्हीयू म्हणजे भारत. पुढे कर्नाटक की महाराष्ट्र हे त्यात लिहीत नाहीत, त्यामुळे आमच्या भागातला हा एवढा एकच छंद असेल, ज्याच्या पाटीवरून कधी भांडण झालेलं नाही.

बोलण्याआधी वॅटमीटरकडे बघायची माझी सवय आहे. वॅटमीटर हे हॅमच्या घरातलं सर्वांत प्रामाणिक माणूस. रेडिओतून अँटेनाकडे किती वीज गेली हे तो सांगतो, आणि गेलेल्यातली किती तोंड फिरवून परत आली हेही सांगतो. लेकीच्या सासरी शंभर करंज्या पाठवल्या आणि डब्यातून अकरा परत आल्या, तर डबा बोलत नाही. वॅटमीटर बोलतो.

माझा मीटर अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या बर्ड कंपनीचा, मॉडेल ४३. गेल्या शतकाच्या मध्यापासून लष्कर, पोलीस वायरलेस आणि जगभरचे हॅम हाच वापरत आले आहेत. वर कातड्याचा पट्टा, पोटात ३० मायक्रोअँपिअरला पूर्ण हलणारा काटा, आणि मधोमध एक गोल भोक. त्या भोकात 'स्लग' बसवायचा. आपल्या गावठी भाषेत सांगायचं तर बूच. बुचावर एक बाण असतो. बाण अँटेनाकडे केला की जाणारी वीज दिसते, बूच फिरवून बाण रेडिओकडे केला की परत येणारी. बॅटरी लागत नाही. जी वीज मोजायची तिच्यातलाच चिमूटभर प्रसाद खाऊन मीटर चालतो. मी हा जुन्या सामानाच्या लिलावातून घेतला. किंमत घरी सांगितली ती शून्य खोडून सांगितली.

सोमवारी बाण अँटेनाकडे: शंभर वॅट. बाण रेडिओकडे: अकरा.

रोज दोन-तीनच्या वर काटा जात नाही. परत येणाऱ्या विजेचं एक माप असतं, एसडब्ल्यूआर. शंभरातले अकरा परत म्हणजे आमच्या हिशेबात एसडब्ल्यूआर दोन. पंचवीस परत म्हणजे तीन. दोनच्या पुढे गेलं की आजकालचे रेडिओ घाबरून आपणहून आवाज खाली घेतात, लग्नाच्या बैठकीत नवऱ्या मुलाचे वडील हुंड्याचं नाव निघाल्यावर घेतात तसा. आता, अँटेना गच्चीवर आहे. गच्चीवर जायला एकवीस पायऱ्या चढाव्या लागतात आणि वर गेलं की कुणीतरी हातात काठी देऊन वाकळ बडवायला लावण्याची शक्यता असते. मीटर मात्र समोर टेबलावर आहे. वाईट बातमी आली की माणूस आधी बातमी आणणाऱ्याला धुतो. मी मीटर धुवायला काढला.

पहिल्यांदा काच. काच म्हणजे प्लॅस्टिकच. चष्म्याच्या घरातलं मऊ कापड घेतलं आणि दसऱ्याच्या उत्साहाने घासलं. हात बाजूला केला तर काटा वीस वॅटवर! रेडिओ बंद, वायर काढलेली, आणि मीटर वीस वॅट दाखवतोय. क्षणभर मला वाटलं की आपण काहीतरी शोध लावला. कापडाने घासल्यामुळे प्लॅस्टिकवर वीज साचते आणि ती आतल्या हलक्या काट्याला ओढून धरते, एवढंच ते होतं. उपाय अगदी गरीब आहे: भांड्याच्या साबणाचा एक थेंब पाण्यात टाकून ओल्या फडक्याने हलकेच पुसायचं. मी ते केलं आणि काटा शून्यावर येऊन बसला. वीस वॅट फुकटचे गेल्याचं थोडं वाईट वाटलं.

"ते काय घासालायस रे सकाळपासनं?" आईने ट्रंक उघडायच्या निमित्ताने विचारलं.

"वॅटमीटर."

"दसऱ्याला लागतंय काय ते?"

"नाही."

"मग माळ्यावर चढ."

संध्याकाळी माळ्यावरून उतरून पुन्हा मोजलं. परत येणारे सातच वॅट! काच पुसून चार वॅट उतरले! शास्त्र शिकलेल्या माणसाने इथे थांबून विचार करायला हवा होता. मी तसं न करता दुसऱ्या दिवशी सकाळी ही गोष्ट चाळीस मीटरवर जाहीर केली. रेडिओवर एक सोय आहे, खात्रीने बोललेलं खरं वाटतं. सांगलीकडच्या एका जुन्या हॅमने मान्य केलं की त्यांनाही अशी शंका होतीच. पुण्याहून एकाने फडकं सुती की मलमल असं विचारलं. मी "मलमल" म्हणालो.

बुधवारी काटा बारावर गेला.

म्हणजे नुसती काच पुरत नाही, आत घाण आहे. बर्डच्या पुस्तिकेत लिहिलेलं आहेच की बूच आणि ते ज्या भोकात बसतं ते भोक स्वच्छ ठेवा. कापसाच्या बोळ्याला अल्कोहोल लावून पुसा. यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. मी खडेबाजारात एका औषधाच्या दुकानात गेलो.

"एन बेकु सार?"

"अल्कोहोल आहे का?"

दुकानदाराने माझ्याकडे, मग घड्याळाकडे बघितलं. सकाळचे साडेदहा वाजले होते.

"पुढच्या चौकात डावीकडं," तो मराठीत म्हणाला. दुःखाच्या वेळी आमच्याकडे समोरच्याच्या भाषेत बोलायची पद्धत आहे.

"तसलं नव्हे हो. पुसायचं. आयसोप्रोपिल."

"कशाला?"

"वॅटमीटरला."

"कुठं झालंय ते?"

शेवटी त्याने सॅनिटायझरची बाटली पुढे केली. हा सापळा आहे, वाचकांनी सावध असावं. सॅनिटायझरात हात मऊ राहावेत म्हणून ग्लिसरीन घालतात. हातांना ते चालतं, मीटरचे हात मऊ करून उपयोग नाही. वर चिकट थर बसतो आणि त्याला धूळ येऊन बिलगते. तिसऱ्या दुकानात खरी बाटली मिळाली. कान कोरायच्या कापसाच्या काड्यांची डबी घरातलीच उचलली.

बूच काढलं, त्याचा चकाकता तळ पुसला. काडी काळी झाली. दुसरी काडी करडी, तिसरी पिवळट, चौथी पांढरी. हा अनुभव ज्याने घेतला नाही त्याला मी समजावू शकणार नाही. आपल्या हातून जगातली काही घाण कमी झाली याचा इतका स्पष्ट पुरावा दुसऱ्या कुठल्याच कामात मिळत नाही. मी उत्साहाच्या भरात रेडिओच्या सगळ्या वायरींची टोकं पुसली, मॉर्सची कळ पुसली, मग खुर्चीचे हात पुसले. गुरुवारी दुपारी परत येणारे वॅट आठ! अल्कोहोलने चार वॅट उतरवले होते. चाळीस मीटरवर दुसरी घोषणा झाली.

माझ्याकडे आणखी एक बूच आहे, दहा वॅटचं. परत येणारी थोडीशी वीज नीट वाचायला ते चांगलं. फक्त ते घालून बाण चुकून अँटेनाकडे फिरवायचा नाही. शंभर वॅट दहाच्या बुचात शिरले तर आतला डायोड एकादशीलाच द्वादशी गाठतो. हे बूच मी पुसून वाळायला खिडकीत ठेवलं आणि जेवायला गेलो.

परत आलो तर खिडकीत बूच नाही. मोरीतून खसाखसा आवाज येत होता. आई देव्हाऱ्यातली निरंजनं, समई, चांदीचं तबक घेऊन बसली होती आणि तिच्या हातात रांगोळीच्या पुडीत बुडालेलं माझं बूच होतं.

"आई!"

"चांदीचं हाय की हे," ती म्हणाली. "किती काळं पडू दिलंस. बघ आता कसं झालंय."

खरोखरच बघण्यासारखं झालं होतं. बुचावर चांदीचा पातळ मुलामा असतो. तो काळा पडला म्हणून लगेच काही बिघडत नाही, पण रांगोळीने घासला की काळेपणाबरोबर चांदीही जाते, हे आमच्या घरातल्या सगळ्या निरंजनांना माहीत आहे. मुलामा जाऊ दे. बुचाच्या वरच्या पट्टीवरचा अंकही गेला होता आणि बाणही गेला होता. आता ते बूच कुठल्या दिशेची वीज मोजतं हे सांगायला पृथ्वीवर कुणी नव्हतं. शिवाय ते आतून ओलं होतं.

ओल्या मोबाइलवरचा उपाय सगळ्यांना ठाऊक असतो. एक्सवायएलने बूच तांदळाच्या डब्यात खुपसलं. तांदूळ बेळगावी बासमती होता, त्यामुळे पुढचे दोन दिवस शॅकमध्ये पुलावाचा वास होता. ओल गेली की नाही कळलं नाही, पण एक कणी मात्र आत शिरली आणि हलवलं की खुळखुळायची.

शुक्रवारी पुन्हा अकरा.

आता मात्र माझा संयम सुटला. काच पुसली, बूच पुसलं, म्हणजे दोष आणखी आत, भोकाच्या बाजूला. तिथे एक नाजूक स्प्रिंगसारखी पट्टी असते, ती बुचाच्या बगलेला टेकते आणि तिच्यातून वीज काट्याकडे जाते. पुस्तिकेत तिच्याबद्दल लिहिलंय की साफ करताना हिला इकडेतिकडे वाकवू नका. हे वाक्य मी वाचलं होतं. मी तिला टाचणीने किंचित, अगदी किंचित, सरळ केलं. सरळ असलेल्या गोष्टी आणखी सरळ करायला जाणं हा आमच्या घराण्यातला दोष आहे. वडिलांनी १९८० च्या दशकात आमच्या घरातलं एकमेव चालू घड्याळ असंच कायमचं सरळ केलं.

पुन्हा मोजलं. परत येणारे वॅट: शून्य.

शून्य! काटा शून्याशी चिकटून गेला होता. मी अक्षरशः उडी मारली आणि मखराला डोकं आपटलं. असा मेळ जगात कुणाच्या अँटेनाला साधला नसेल. लगेच निपाणीला दाजींना फोन लावला. दाजी, म्हणजे आमच्या ताईचे यजमान, हे माझे या छंदातले गुरू. तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहून निवृत्त झाले आणि त्यांनी मला मॉर्सच्या टिकल्या-रेघा शिकवल्या.

"दाजी, रिफ्लेक्टेड शून्य!"

"आणि फॉरवर्ड किती, पाव्हणं?"

बूच फिरवून बघितलं.

"शून्य."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग दाजी म्हणाले, "म्हंजे जात पण न्हाई, येत पण न्हाई. ब्येस. उद्या येतो."

शनिवारी ते पाऊणशे किलोमीटर एसटीने, तवंदी घाट चढून आले. बरोबर पिशवीत त्यांचा स्वतःचा मीटर आणि तेलाचा पत्र्याचा डबा. डब्यात ट्रान्सफॉर्मरचं तेल आणि त्यात बुडवलेला पन्नास ओहमचा रेझिस्टर. अँटेनाच्या जागी हा डबा लावला की वीज सगळी त्यातच जिरते, काही परत येत नाही. एका बसवाहकाने "तेल कसलं?" असं विचारल्यावर दाजींनी "भज्याचं न्हवं" एवढंच सांगितलं होतं.

दाजींच्या मीटरबद्दल मला अनेक वर्षांपासून आकस आहे. तो त्यांनी कधी पुसलेला नाही. त्याच्यावर निपाणीच्या तंबाखूचा असा थर आहे की नुसता टेबलावर ठेवला तरी मला चार शिंका आल्या. आणि तो बरोबर दाखवतो.

आधी त्यांनी एक्सवायएलचा भुवया कोरायचा चिमटा मागितला. ("परत मिळेल ना?" "मिळेल, अहो वहिनी, कुठं जातोय." वर्ष होत आलं, तो चिमटा निपाणीत आहे.) पट्टी दोन मिनिटांत जागेवर. मग बाण गेलेलं बूच. ते आपटून आतली कणी पाडली, डबा लावला, पाच वॅट सोडले. एका दिशेला काटा हलला, दुसऱ्या दिशेला मेल्यासारखा. "हलला ती पुढची," म्हणून दाजींनी एक्सवायएलच्याच लाल नेलपॉलिशने बुचावर बाण काढला. बाण इतका देखणा झाला की मला तो थोडा अपमानच वाटला.

मग अँटेना लावून दोन्ही मीटरनी मोजलं. माझा: दहा. त्यांचा: दहा.

"मीटर खोटं बोलत न्हाई," दाजी म्हणाले. "गच्चीवर कधी गेल्तासा?"

मी जिन्याच्या पायऱ्या मोजायला लागलो.

आमची अँटेना म्हणजे मधल्या खांबावरून दोन्ही बाजूंना खाली उतरणारी वीस मीटरची तार, उलट्या 'व्ही'च्या आकाराची. एक टोक पाण्याच्या टाकीजवळ, दुसरं कठड्याजवळ, साधारण छातीच्या उंचीवर. कठड्याजवळच्या टोकावर आजोळची, चार जुन्या लुगड्यांची, निथळती वाकळ वाळत घातलेली होती. तार धनुष्यासारखी वाकली होती. खाली थेंबाथेंबाने तळं साचलं होतं.

"कपड्यांची दोरी भरली की," आई मागून म्हणाली. "ही रिकामीच असतीय म्हणून घातली. रोज एक घालतीय सोमवारपासनं."

रोज एक. सोमवारी पहिली, म्हणून अकरा. ती संध्याकाळपर्यंत अर्धी वाळली, म्हणून सात. बुधवारी तिसरी, बारा. गुरुवारी ऊन चांगलं होतं. अल्कोहोलने काही उतरलं नव्हतं, काचेने काही उतरलं नव्हतं. मी पाच दिवस वाकळेच्या ओलीचा आलेख काढत होतो. टोकाला नेमकं व्होल्टेज जास्त असतं, तिथे ओलं काही टेकलं की तारेची लांबी जणू वाढते आणि अँटेनाचा सूर उतरतो.

"पण आई, मी रोज सकाळी बोलत होतो तेव्हा तुला काही झालं नाही?"

"बुधवारी जरा झिणझिण्या आल्या," ती म्हणाली. "मला वाटलं सांधेवात."

यापुढे मी बोलत असताना गच्चीच्या दाराला कडी असते. हे मात्र मी गंमत म्हणून सांगत नाही. शंभर वॅटच्या तारेचं टोक हाताला भाजतं.

वाकळ काढून दोरीवर टाकली. खाली येऊन मोजलं. तीन वॅट. दाजींनी चहा मागितला. मी मात्र बाटलीचं झाकण उघडून नवीन काडी हातात घेतली.

"आता काय?"

"तीन राहिलेत की अजून."

दाजींनी कप खाली ठेवला. "पाव्हणं, ह्या मीटरची चूक किती धरत्यात?"

"पाच टक्के."

"कशाच्या पाच टक्के?"

इथे मी गप्प झालो, कारण हे मला परवान्याच्या परीक्षेपासून माहीत होतं. पाच टक्के असतात ते काटा जिथे आहे त्या आकड्याचे नव्हेत, पूर्ण मापाचे. शंभर वॅटच्या बुचाला कुठेही पाच वॅट इकडे-तिकडे व्हायची मुभा आहे. तीन म्हणजे शून्यही असू शकतो, आठही असू शकतो. आठसाठी गुरुवारी मी सगळ्या महाराष्ट्राला आणि अर्ध्या कर्नाटकाला अल्कोहोलची शिफारस केली होती.

"नेलपॉलिशवालं बूच लावून बघा," दाजी म्हणाले, "त्याची चूक अर्धा वॅट." लावून बघितलं. अडीच. दाजींनी चहा संपवला आणि पाचची एसटी पकडली. जाताना आईने त्यांच्या पिशवीत कुंद्याचा डबा घातला. माझ्या वाट्याला माळा आला.

रविवारी सकाळी चाळीस मीटरवर सांगलीच्या जुन्या हॅमने मोठ्या आनंदाने सांगितलं की मलमलीने काच पुसल्यापासून त्यांचाही एसडब्ल्यूआर उतरला आहे. मी म्हणालो, "अभिनंदन." आणखी काय म्हणणार? त्यांच्याकडेही वाकळा वाळल्या असतील.

खंडेनवमीला आमच्याकडे कोयता, विळी, शिलाई मशीन आणि स्कूटर यांच्या रांगेत आईने वॅटमीटरही मांडला. काच ओल्या फडक्याने पुसली होती. झेंडूचं फूल कातड्याच्या पट्ट्यात खोवलं आणि हळदकुंकू वाहिलं ते नेमकं बुचाच्या कडेने भोकात उतरलं. ते अजून तिथेच आहे. काटा तीनवर आहे.